‘पंधरावं लागलं’ म्हणजे डोस किती? एचपीव्ही लसीसाठी मुलीचं वय कसं मोजायचं

डॉक्टरांनी “मुलगी किती वर्षांची?” असं विचारलं की आई सांगते, “पंधरावं लागलंय.” शेजारून आजी म्हणतात, “पंधराच धरा.” घरात दोन्ही चालतं. एचपीव्हीच्या लसीत मात्र या दोन उत्तरांमुळे अख्ख्या एका डोसाचा फरक पडतो. पंधरावं लागलं म्हणजे चौदा पूर्ण झाली, आणि तिला दोन डोस पुरतात. पंधरा पूर्ण झालेल्या मुलीला तीन घ्यावे लागतात. एक सुई जास्त, एक खेप जास्त आणि खर्च दीडपट.

या लसीबद्दल पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ वयाचाच असतो. कुणी नववं वर्ष सांगतं, कुणी चौदावं, कुणी “लग्नाआधी दिली की झालं” म्हणतं, तर कुणी पंचेचाळिशीपर्यंत चालते असं वाचलेलं असतं. यातलं प्रत्येक वय कुठे ना कुठे छापलेलं आहे, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे. ही लस पहिल्यांदाच द्यायला निघालेल्या पुण्यातल्या पालकांसाठी पुढे सगळं क्रमाने सांगितलं आहे.

एवढ्या लवकर का

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यातल्या चौदा-एक प्रकारांमुळे कॅन्सर होऊ शकतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, म्हणजे आपल्याकडे बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात तो, जगभरात साधारण सत्तर टक्के वेळा १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतो. ६ आणि ११ या प्रकारांमुळे कॅन्सर होत नाही, पण जननेंद्रियांवरच्या चामखिळी बहुतेक त्यांच्यामुळेच येतात. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर झाल्याचं निदान होतं, आणि पाऊण लाखाहून जास्त बायका त्याने दगावतात.

हा विषाणू लैंगिक संबंधातून, जननेंद्रियांच्या त्वचेचा त्वचेशी संपर्क आल्यावर पसरतो. त्याची लागण इतकी सर्रास होते की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी ती होऊन जाते. शरीर ती बहुतेक वेळा दीड-दोन वर्षांत स्वतःच परतवतं. ज्या थोड्या बायकांमध्ये ती वर्षानुवर्षं टिकते, त्यांच्या पेशी हळूहळू बिघडत जातात आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर दिसतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीत निदान झालेल्या आजाराचं मूळ विशी-पंचविशीत असू शकतं.

लस लागण थांबवते. झालेली लागण ती बरी करत नाही. घर शाकारायचं तर पावसाआधी. गळायला लागल्यावर कौलं फिरवून भिजलेलं धान्य वाळत नाही. वय लहान ठेवण्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण शरीराचं आहे. नऊ ते चौदा या वयात लसीनंतर तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली विषाणूशी लढणारी प्रथिनं, इतकी जास्त असतात की लहान मुलीचे दोन डोस मोठ्या मुलीच्या तीन डोसांच्या तोडीचे ठरतात.

इंग्लंडमधली आकडेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती वयाच्या प्रश्नावर सगळ्यात बोलकी आहे. ज्या मुलींना बारा-तेरा वयात लस देऊ केली गेली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. चौदा ते सोळा वयाच्या गटात घट ६२ टक्के होती आणि सोळा ते अठराच्या गटात ३४ टक्के. लस तीच होती, देशही तोच. चार-पाच वर्षांच्या उशिराने फायदा निम्म्याहून खाली आला.

पायरी पहिली: जन्मदाखला काढा

अंदाज नको, कागद हवा. शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि महापालिकेच्या जन्मदाखल्यावरची तारीख वेगळी असेल तर जन्मदाखल्यावरची धरा. शरीराला शाळाप्रवेशाची तारीख कळत नाही.

आता दोन तारखा काढा: नववा वाढदिवस आणि पंधरावा वाढदिवस. इथेही बोलीतला तोच खड्डा आहे. ‘नववं लागलं’ म्हणजे आठ पूर्ण झाली, आणि त्या मुलीला अजून लस देता येत नाही. नऊ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, कारण त्याखालच्या वयासाठी या लसींना मान्यता नाही.

पंधराव्या वाढदिवसाचं गणित असं करा. मुलगी १२ ऑगस्ट २०१२ ची आहे, तर तिला १२ ऑगस्ट २०२७ ला पंधरा पूर्ण होतील. पहिला डोस ११ ऑगस्ट २०२७ ला किंवा त्याआधी टोचला गेला असेल, तर दोन डोसांचाच कार्यक्रम. दुसरा डोस सहा महिन्यांनी, म्हणजे पंधरा उलटून गेल्यावर येतो, तरीही तिसरा लागत नाही. डोसांची संख्या पहिल्या डोसाच्या दिवशीच्या वयावर ठरते. “दुसऱ्या डोसाच्या वेळी पंधरा झाली, आता तिसराही घ्या” असं कुणी सांगितलं तर पहिल्या डोसाची तारीख त्यांच्यापुढे ठेवा. कार्ड न बघता फक्त आजचं वय विचारलं की ही चूक होते.

मुलगी चौदा पूर्ण असेल आणि पुढच्या वाढदिवसाला महिना-दीड महिना उरला असेल, तर परीक्षा, लग्नसराई, गणपती काहीही असो, पहिला डोस वाढदिवसाआधी उरका.

पाळी सुरू झाली की नाही, याचा या हिशेबाशी संबंध नाही. सुरू झालेली नसली तरी लस देतात, आणि नेमकी डोसाच्या दिवशी पाळी आली तरी देतात. केवळ तेवढ्यासाठी तारीख पुढे ढकलण्याची गरज नसते.

पायरी दुसरी: कोणतं वय कुणी सांगितलंय ते ओळखा

वयाचे तीन वेगवेगळे आकडे कानावर येतात.

पहिला आकडा मान्यतेचा. औषध नियंत्रकांनी ही लस कोणत्या वयात वापरायला परवानगी दिली, हे तो सांगतो. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक या लसीला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ती नऊ ते सव्वीस वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी. पंचेचाळीस हा आकडा काही परदेशी लसींच्या माहितीपत्रकात दिसतो. मान्यता म्हणजे ‘देता येईल’. ‘हेच योग्य वय’ असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा आकडा शिफारशीचा. जागतिक आरोग्य संघटनेचा मुख्य लक्ष्यगट नऊ ते चौदा वर्षांच्या मुली हा आहे, शरीरसंबंध सुरू होण्याच्या आधीचा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांचं वेळापत्रकही नऊ ते चौदा याच वयावर भर देतं. भारताच्या लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने जून २०२२ मध्ये सुचवलं की सुरुवातीला नऊ ते चौदा वयाच्या सगळ्या मुलींना एकदाच लस द्यावी आणि मग दरवर्षी नववं वर्ष पूर्ण करणाऱ्यांना नियमित द्यावी.

तिसरा आकडा मोहिमेचा. सरकार किंवा एखादी संस्था मोफत लस देते तेव्हा पैसे, लस आणि मनुष्यबळ बघून वयाचा गट ठरवते. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून नऊ ते चौदाच्या सगळ्या मुली घेतल्या. दुसरीकडे एखाद्या मोहिमेत एकाच वयाच्या मुली असू शकतात. तुमची दहा वर्षांची मुलगी त्या यादीत बसली नाही, तर ‘तिचं वय झालेलं नाही’ असा अर्थ घेऊ नका. त्या मोहिमेत ती नाही, एवढंच. चौकशी करताना महापालिकेच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला किंवा आशाताईंना थेट विचारा: “या फेरीत कोणत्या जन्मतारखेपासून कोणत्या जन्मतारखेपर्यंतच्या मुली घेताय?” वय विचारलं की पुन्हा ‘लागलं’ आणि ‘पूर्ण’ सुरू होतं.

पायरी तिसरी: वयानुसार वेळापत्रक मांडा

*नऊ पूर्ण ते पंधराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत.* दोन डोस, मध्ये सहा महिने. पुण्यातल्या शाळांच्या वर्षात हे सुरेख बसतं: पहिला मे महिन्याच्या सुट्टीत, दुसरा दिवाळीच्या सुट्टीत. पहिला १० मे ला घेतला तर दुसऱ्याची तारीख १० नोव्हेंबर. दिवाळी लवकर असेल आणि सुट्टीतच उरकायचं असेल, तर १० ऑक्टोबरच्या आत मात्र जाऊ नका, कारण किमान अंतर पाच महिन्यांचं आहे. पाडवा-भाऊबीजेला दवाखाने बंद असतात. आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर काहीही बिघडत नाही.

दहा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय वेळापत्रकात धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस आहे. तिच्यासाठी जाणारच असाल तर त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर एचपीव्हीची लस घेता येते. दोन सुया एका दिवशी दिल्याने कोणतीच लस कमजोर होत नाही.

*पंधरा पूर्ण ते सव्वीस.* तीन डोस: पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. दहावीतल्या मुलीसाठी जूनचा मध्य, ऑगस्टचा मध्य आणि डिसेंबरचा मध्य असा क्रम लावला तर पूर्वपरीक्षेच्या आधी सगळं संपतं. किमान अंतरंही माहीत असू द्या: पहिल्या-दुसऱ्यात चार आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात बारा आठवडे, पहिल्या-तिसऱ्यात पाच महिने. सगळ्यात जास्त चुकतो तो तिसरा डोस. मुलगी अकरावीला दुसऱ्या गावी जाते किंवा हॉस्टेलला राहायला जाते आणि कार्ड घरच्या कपाटात राहतं.

विशीतल्या, लग्न झालेल्या किंवा शरीरसंबंध सुरू झालेल्या मुलींनीही या वयात लस जरूर घ्यावी. एखाद्या प्रकाराची लागण होऊन गेली असली तरी लसीतल्या सगळ्याच प्रकारांची झालेली असण्याची शक्यता कमी असते. लसीआधी एचपीव्हीची तपासणी करावी लागत नाही. फायदा बाराव्या वर्षाइतका नसतो, हे मात्र स्पष्ट सांगितलेलं बरं.

*सत्तावीस ते पंचेचाळीस.* इथे सरसकट शिफारस नाही. डॉक्टरांशी बोलून व्यक्तीपुरतं ठरवायचं. घरात पैसे मोजके असतील तर आमचं मत ठाम आहे: लस मुलीला द्या आणि त्याच महिन्यात आईची गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. आईच्या वयात तपासणीच जास्त उपयोगाची ठरते.

*प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुली.* एचआयव्ही, अवयव-प्रत्यारोपण, कॅन्सरचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांपैकी काही असेल, तर नऊ ते चौदाच्या वयातही तीन डोस देतात. म्हणून ‘लहान आहे, दोन पुरतील’ असं गृहीत धरू नका. मुलीची फाइल सोबत न्या. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीच्या बाबतीत वाट न बघता नऊ पूर्ण होताच सुरुवात करतात.

*मुलगे.* एचपीव्हीमुळे पुरुषांना घशाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कॅन्सर होऊ शकतो, चामखिळीही येतात. वयाचा आणि डोसांचा हिशेब मुलींसारखाच. दोन भावंडांपैकी एकालाच परवडत असेल तर आधी मुलीला द्या.

एकच डोस पुरतो, असं ऐकलंय

बरोबर ऐकलंय. डिसेंबर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी आहे की नऊ ते वीस वयाच्या मुलींसाठी एक किंवा दोन डोस चालतील आणि एकवीसच्या पुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन. या निष्कर्षाला आधार देणाऱ्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक आपल्याच मातीतला आहे. २००९ मध्ये भारतात दहा ते अठरा वर्षांच्या मुलींवर मोठा अभ्यास सुरू झाला होता. त्याच्या केंद्रांमध्ये पुणे आणि बार्शीही होती. दोन डोस द्यावेत की तीन, हे त्यात बघायचं होतं. २०१० मध्ये सरकारने देशातलं अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींचा एकच डोस होऊन राहिला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांनंतर, २०२१ मध्ये निकाल आले: १६ आणि १८ या प्रकारांची टिकून राहणारी लागण रोखण्यात एक डोस ९५ टक्क्यांच्या आसपास प्रभावी होता, दोन आणि तीन डोसांच्या बरोबरीने.

मग खासगी बालरोगतज्ज्ञ दोन का देतात? लसीच्या मान्यतेत आणि माहितीपत्रकात वयानुसार दोन किंवा तीन डोस लिहिलेत, आणि डॉक्टर समोरच्या एका मुलीचा विचार त्यानुसार करतात. सामूहिक मोहिमेचा हिशेब वेगळा: तेवढ्याच लसीत दुप्पट मुलींना संरक्षण मिळतं. मोहिमेत एक डोस मिळाला असेल तर तो वाया गेलेला नाही. दुसरा घ्यायचा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांनी घेतला तर अपाय काही नाही.

पायरी चौथी: लस आणि दवाखाना निवडा

चार प्रकारांपासून संरक्षण देणाऱ्या लसी म्हणजे सर्व्हावॅक आणि गार्डासिल. त्यांत ६, ११, १६ आणि १८ हे प्रकार आहेत. गार्डासिल ९ मध्ये त्यांखेरीज ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ हे पाच प्रकार आणखी आहेत. खासगी दवाखान्यात सर्व्हावॅकचा एक डोस साधारण दोन हजारांच्या घरात पडतो आणि गार्डासिल ९ चा दहा हजारांच्या आसपास. वेष्टनावरची छापील किंमत बघा आणि टोचण्याची फी वेगळी आहे का ते फोनवरच विचारून घ्या.

नऊ प्रकारांची परवडली तर उत्तम. पण ती घेण्यासाठी पैसे साठवत दोन वर्षं काढणं हा तोट्याचा व्यवहार आहे. बाराव्या वर्षी मिळालेली चार प्रकारांची लस सोळाव्या वर्षी मिळालेल्या नऊ प्रकारांच्या लसीपेक्षा पसंत करावी, कारण कॅन्सरचा मोठा वाटा १६ आणि १८ मध्येच आहे. सुरू केलेली लस शक्यतो तीच पूर्ण करा. आधीची कोणती होती ते कळत नसेल किंवा ती मिळत नसेल, तर उपलब्ध असलेल्या लसीने क्रम पूर्ण करतात. पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत.

दवाखाना निवडताना फ्रिजकडे लक्ष द्या. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते आणि ती गोठली की निकामी होते. उन्हाळ्यात मेडिकलमधून लस घेऊन, पिशवीत बर्फाच्या खड्यांवर ठेवून डॉक्टरांकडे नेणारे पालक चांगल्या हेतूनेच ती बिघडवतात: बर्फाला थेट चिकटलेली कुपी गोठू शकते, आणि गोठून वितळलेली लस वरवर बघून ओळखू येईलच असं नाही. म्हणून ज्या दवाखान्यात लस ठेवतात तिथेच ती टोचून घ्या. आणायचीच वेळ आली तर मेडिकलवाल्यांकडून थंड पॅक असलेला डबा मागा, कुपी आणि पॅक यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा कापड ठेवा आणि वाटेत कुठेही थांबू नका.

दोन डोसांची एकच कुपी येत असेल तर दवाखाना दोन मुलींना एका दिवशी बोलावू शकतो. आधी वेळ ठरवून जा.

पायरी पाचवी: डोसाचा दिवस

मुलीला पोटभर नाश्ता करून न्या. सैल, आखूड बाहीचा टॉप घाला. घट्ट कुर्त्याची बाही दंडापर्यंत चढत नाही आणि सुई खाली टोचली जाण्याचा धोका राहतो. लस खांद्याच्या खालच्या जाड स्नायूत देतात, अर्धा मिली. लिहिण्याचा हात सोडून दुसरा दंड पुढे करा.

टोचण्याआधी डॉक्टरांना हे सांगा: आधीच्या कुठल्या लसीनंतर किंवा यीस्टमुळे तीव्र अ‍ॅलर्जी झाली होती का, जखमेतून रक्त थांबायला वेळ लागण्याचा आजार आहे का, आज ताप आहे का. नुसती सर्दी असेल तर लस देतात. अंगात चांगलाच ताप असेल तर बरं वाटेपर्यंत थांबतात. मोठ्या मुली आणि विवाहितांसाठी: गरोदरपणात ही लस देत नाहीत. पहिल्या डोसानंतर दिवस गेल्याचं कळलं तर घाबरू नका, गर्भपाताचा विचार करू नका. उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे. अंगावर पाजताना लस चालते.

कुपी तुमच्यासमोर उघडू द्या. नाव, बॅच नंबर आणि मुदत बघा. हलवल्यावर लस पांढरट, गढूळ दिसते, ते बरोबर आहे. गुठळ्या किंवा वेगळा रंग दिसला तर घेऊ नका.

आता यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. सुईनंतर या वयाच्या मुलींना घेरी येऊ शकते. ती लसीच्या घटकांमुळे नव्हे, सुईच्या भीतीने आणि ताणाने येते, आणि बहुतेक वेळा पहिल्या पंधरा मिनिटांत. पुण्यात लस घेतली की दोन मिनिटांत मुलगी आईच्या स्कूटरवर मागे बसलेली असते, किंवा स्वतःच चालवत निघते. चालत्या गाडीवर घेरी आली तर काय होईल, याचा विचार करा. लस बसवूनच टोचून घ्या, नंतर किमान पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवं करा, पाय वर उचला, भोवतीची गर्दी हटवा. दोन-चार मिनिटांत रंग परत येतो. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही वेगळी आणि गंभीर लक्षणं आहेत. तशी काही दिसली तर तिथल्या तिथे डॉक्टरांना हाक मारा.

घरी आल्यावर दंड दुखतो, थोडा सुजतो, कधी बारीक ताप किंवा डोकेदुखी येते. दोन-तीन दिवसांत ओसरतं. ओल्या कपड्याची घडी ठेवा, चोळू नका. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. आधीच खबरदारी म्हणून देऊ नका. दुसऱ्या दिवशी शाळा, खेळ, पोहणं सगळं चालतं.

क्रम चुकला तर

दुसरा डोस दोन वर्षं राहून गेला? पुन्हा पहिल्यापासून नाही; उरलेला डोस आज घ्या. शरीर पहिला डोस विसरलेलं नसतं.

उलट चूक जास्त महागात पडते. नऊ ते चौदाच्या मुलीला दुसरा डोस पाच महिन्यांच्या आत दिला गेला, समजा तिसऱ्याच महिन्यात, तर तिसरा घ्यावा लागतो: दुसऱ्यापासून किमान बारा आठवड्यांनी आणि पहिल्यापासून किमान पाच महिन्यांनी. मोठ्या मुलींचं ‘दोन महिन्यांनी या’ हे वेळापत्रक सवयीने लहान मुलीच्या कार्डावरही लिहिलं गेलं की असं होतं. पहिल्या डोसानंतर पुढची तारीख लिहिली जात असताना स्वतः महिने मोजा.

चार प्रकारांच्या लसीचा क्रम पूर्ण झालेला असेल तर नऊ प्रकारांची पुन्हा घेण्याची सरसकट शिफारस नाही.

घरातले प्रश्न

“एवढ्याशा पोरीला हे कशाला? लग्न ठरलं की बघू,” असं घरातली मोठी माणसं म्हणतील. त्यांना आकड्यांपेक्षा तुलना पटते: गोवराची लस आपण गोवर येण्याची वाट बघून देत नाही. मुलीला काय सांगायचं, ते तिच्या वयावर ठरवा. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला “मोठेपणी होणाऱ्या एका कॅन्सरपासून वाचवणारी लस आहे, दंडात टोचतात, क्षणभर दुखतं” एवढं पुरतं. चौदाच्या मुलीला विषाणू कसा पसरतो हेही नीट सांगा. ती मैत्रिणींकडून अर्धवट ऐकणारच आहे.

लसीमुळे मूल होत नाही, ही अफवा फार जुनी आहे. या लसीत जिवंत विषाणू नाही, त्याच्या बाहेरच्या आवरणाच्या प्रथिनाचे रिकामे कण आहेत. त्यातून लागण होऊच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लससुरक्षा समितीने २०१७ पर्यंत जगभर दिल्या गेलेल्या २७ कोटींहून जास्त डोसांचा अनुभव तपासून ती अत्यंत सुरक्षित असल्याचं म्हटलं आहे, आणि वंध्यत्वाशी तिचा संबंध आढळलेला नाही.

इंटरनेटवर शोधलं की २००९-१० मधलं खम्मम आणि वडोदऱ्याचं प्रकरणही समोर येईल. ते लपवण्यासारखं नाही. तिथे हीच लस देण्याच्या प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले होते. सरकारी चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, बुडणं, सर्पदंश, विषबाधा अशी कारणं निघाली. पण संमतीच्या बाबतीत गंभीर चुका झाल्याचं त्याच चौकशीतून पुढे आलं, अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. म्हणून शाळेतून संमतीपत्र आलं तर ते वाचा, शंका विचारा, स्वतः सही करा.

कार्ड, आणि तिशीनंतर

डोस झाला की कार्डावर लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर आणि दवाखान्याचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. त्याचा फोटो आई आणि बाबा दोघांच्या फोनमध्ये ठेवा, आणि पुढच्या डोसाची आठवण आठ दिवस आधीची लावा, म्हणजे वेळ ठरवायला अवधी राहतो.

लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी चुकत नाही, कारण लसीत सगळे घातक प्रकार नाहीत. तिशीपासून गर्भाशयमुखाची तपासणी सुरू करायची. एचपीव्हीची चाचणी केली आणि ती निर्दोष आली तर पाच ते दहा वर्षांनी पुन्हा. सरकारी दवाखान्यातली व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून बघण्याची तपासणी असेल तर दर पाच वर्षांनी. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी पंचविशीपासून सुरुवात करावी आणि तीन ते पाच वर्षांनी परत जावं. मुलीच्या दुसऱ्या डोसाला जाल त्या दिवशी आईने स्वतःच्या तपासणीची वेळही ठरवून टाकावी.